गळती मर्यादेत आहे

अंधार कसा असावा हे ज्याला शिकायचं असेल, त्यानं माझ्याकडे यावं! आमच्या प्रयोगशाळेत एक काळी लाकडी पेटी आहे. सुताराच्या डोक्यावर उभं राहून मी ती बनवून घेतली. आतून काळा रंग, रंगावर काळं कापड, झाकणाच्या कडेला काळं रबर आणि रबरावर पुन्हा काळी चिकटपट्टी. या पेटीतल्यासारखा अस्सल अंधार तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही. अकरा वर्षं मी तो सांभाळतोय, आणि अकरा वर्षांत माझ्या हातून त्याला साधा ओरखडासुद्धा पडलेला नाही!

असं मी त्या दिवशी सकाळी नऊ वाजेपर्यंत सगळ्यांना सांगत होतो.

आता पेटीत काय असतं ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस रिकामी पेटी घेऊन बसलाय. आम्ही सेन्सर तपासतो. सेन्सर म्हणजे सिलिकॉनची तळहाताएवढी पातळ चकती. अशा हजारो चकत्या एका अगडबंब यंत्रात बसवतात. डोळ्यांना न दिसणारा एखादा कण चकतीतून आरपार गेला की तिच्यातून करंटचा बारीकसा झटका निघतो, आणि कण कुठून आला, कुठे पळाला ते कळतं. पण कुणी आलेलंच नसताना सेन्सर ‘आला, आला!’ म्हणून बोंबलायला लागला तर त्याचा उपयोग काय? म्हणून आम्ही त्याला अंधारात कोंडतो, व्होल्टेज देतो आणि काहीही घडत नसताना त्यातून किती करंट वाहतो ते मोजतो. या फुकटच्या करंटला आमच्याकडे म्हणतात गळती. थोडी गळती प्रत्येकात असते. संगणकाच्या पडद्यावरच्या लाल रेषेखाली राहिली तर सेन्सर पास, वर गेली तर नापास. उजेडाची तिरीप जरी आत शिरली तरी गळती टुणकन उडी मारते, कारण सेन्सर बिचाऱ्याला उजेड काय आणि कण काय, सगळे पाहुणे सारखेच.

गळती हा शब्द लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ या शब्दानं केला. मी नाही, शब्दानं.

आमच्या खोलीत एक फळाही आहे. त्यावर वरती मी ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो’. खाली तीन रकाने आहेत: तारीख, बिघाड, चूक कुणाची. सेन्सरला केसाहून बारीक तारा जोडणाऱ्या आमच्या ताई आहेत, त्यांचं नाव तिथे चार वेळा आलंय. त्यातलं एक तर ‘मोबाइल खोलीत आणला’ यासाठी. मोबाइल बाहेरच्या खणात ठेवायचा, असा माझा कडक नियम आहे. विभागप्रमुख सरांचं नाव एकदा आलं होतं, ते त्यांनी स्वतः येऊन पुसलं. माझं नाव फळ्यावर कधीच आलेलं नाही. खडू माझ्याकडे असतो हे त्याचं कारण नव्हे!

तर त्या दिवशी वीस सेन्सरांपैकी शेवटचा, विसावा, तपासायचा होता. एकोणीस पास झाले होते. दुपारी तीनला परीक्षक बाई येणार होत्या. वीसच्या वीस पास झाले तर पुढच्या तीन वर्षांचं तपासणीचं काम आमच्याकडे, नाहीतर ते दुसऱ्या प्रयोगशाळेकडे. आणि माझी नेमणूक कामाला चिकटलेली. काम आहे तोवर मी आहे, काम गेलं की मी गेलो. त्यात विसावी चाचणी अखंड सहा तासांची. नऊ ते तीन. मध्ये झाकण उघडलं किंवा व्होल्टेज बंद केलं की पहिल्यापासून सुरू. म्हणजे चुकायला जागाच नव्हती.

अशा दिवशी माणसाला घरातून शांतपणे निघू द्यावं की नाही? पण मी बूट घालत असतानाच स्वयंपाकघरातून आमच्या हिचा आवाज आला.

“अरे, हा नळ रात्रभर ठिबकतोय!”

“थोडी गळती असतेच,” मी म्हणालो. “मर्यादेत आहे का एवढंच बघायचं.”

“मर्यादा कोण ठरवणार?”

“मी!”

“मग तूच ठरव आणि तूच प्लंबरकाकांना बोलाव. त्यांचा नंबर तुझ्याकडे आहे. मला नऊ वाजेपर्यंत पाठव.”

“पाठवतो, पाठवतो!” असं म्हणून मी निघालो आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत नळ, काका आणि नंबर हे तिन्ही विषय डोक्यातून साफ पुसले गेले. डोक्यात फक्त विसावा सेन्सर होता.

बरोबर पावणेनऊला मी सेन्सर पेटीत ठेवला. त्याच्या कडेला एक सुई टेकवावी लागते. ती इतकी नाजूक की श्वास सोडला तरी हलते. नेमके त्या दिवशी टॉर्चचे सेल संपलेले! सेल आणायला भांडारात जायचं म्हणजे अर्जावर सह्या. मग मी पटकन मोबाइलच्या उजेडात सुई टेकवली, उजेड बंद केला, झाकण लावलं, पट्टी चिकटवली आणि एक्केचाळीस कलमांची यादी एकेक खूण करत पूर्ण केली. थंडगार पाणी सेन्सरच्या खालच्या पत्र्यातून फिरतंय का? फिरतंय. कोरडी हवा चालू आहे का? आहे. नऊच्या ठोक्याला व्होल्टेज चढवलं. पडद्यावर हिरवी रेघ उमटली. लाल रेषेच्या कितीतरी खाली, आणि अगदी सरळ!

“बघा ताई, याला म्हणतात काम,” मी खुर्चीत रेलून म्हणालो.

“दादा, अजून सहा तास आहेत,” ताई म्हणाल्या. काही माणसांना दुसऱ्याचं सुख बघवत नाही.

नऊ चाळीसला रेघ उडाली.

थेट लाल रेषेच्या वर! अर्धा मिनिट वरच राहिली आणि पुन्हा धपकन खाली येऊन सरळ चालू लागली, जसं काही झालंच नाही.

“ताई, तुमची तार!”

“माझी तार काय?”

“सुटली असणार. सुटते, चिकटते, सुटते, चिकटते!”

“दादा, मी ती तार सूक्ष्मदर्शकाखाली तीनदा तपासलीय. सुटलेली तार पुन्हा आपली आपण चिकटत नाही.”

पण माझा हात तोवर खडूपर्यंत गेला होता. फळ्यावर मी लिहिलं: ‘गळतीची उसळी. चूक: ताई.’ ताई चष्मा काढून पुसायला लागल्या. तेव्हाच माझं मन जरा चरकलं होतं, हे आज कबूल करतो.

दहा दहाला पुन्हा उसळी! या वेळी दोनच मिनिटांत दार उघडलं आणि सर आत आले. सरांना पाहून मला एकदम साक्षात्कार झाला. दारातून उजेड आला होता!

“अहो, तुमच्या घरून...” सर म्हणाले.

“घरून नाही सर, दारातून! दारातून उजेड येतोय! बाहेर व्हा, पटकन!”

सर इतके दचकले की निमूटपणे बाहेर गेले. दार उघडायच्या आधीच रेघ उडाली होती, हे ताईंनी मला सांगायचा प्रयत्न केला. पण घाबरलेल्या माणसाला आधी आणि नंतर यांत फारसा फरक वाटत नाही.

त्यानंतर आम्ही खोलीतला उजेड संपवायला घेतला. दिवे बंद. पडदे ओढले. पडद्यांच्या फटींवर काळी पट्टी. दाराखालच्या फटीत माझा कोट. पेटीवर ताईंची शाल, शालीवर टेबलक्लॉथ, त्यावर खुर्चीची गादी. संगणकाच्या पडद्याची चमक अगदी कमी करून तो भिंतीकडे वळवला आणि आम्ही दोघं वाकून, मान मोडून रेघेकडे बघत बसलो. भर दिवसा खोलीत स्वतःचा हात दिसत नव्हता.

दहा पन्नासला उसळी! अकरा वीसला उसळी! आणि दर दुसऱ्या उसळीनंतर दारावर सरांची टकटक!

“सर, तुम्ही आलात की गळती वाढते!” मी आतून ओरडलो.

“अहो, पण मी अजून आलोच नाहीये!” सर बाहेरून म्हणाले.

“मग तुम्ही जवळ येताय! तुमचे बूट! बुटांमुळे फरशी हादरते आणि सुई हलते!”

मग सरांचा दबका आवाज आला, “काढतो.” नंतर ताईंनी सांगितलं की त्या दिवशी आमचे विभागप्रमुख दुपारपर्यंत पायमोज्यांवर हिंडत होते.

बारा पाचला पाचवी उसळी आली आणि पाठोपाठ दाराखालून, माझ्या कोटाच्या बाजूने, एक कागद आत सरकला. सरांनी काहीतरी लिहून पाठवलं होतं. पण वाचणार कसं? उजेड कुठे होता! मी कागद पडद्याजवळ नेला, तर त्यावर ‘घ’ आहे की ‘ध’ तेसुद्धा कळेना.

“परीक्षक बाई लवकर येणार असतील,” ताई म्हणाल्या.

“किंवा नेमणूक संपल्याचं पत्र असेल,” मी म्हणालो. कागद घडी करून खिशात टाकला. वाईट बातमी जितकी उशिरा वाचता येईल तितकी बरी, नाही का?

आता तुम्हाला पडद्यामागची गोष्ट सांगतो. ती मला नंतर कळली, पण तुम्ही कशाला ताटकळत बसा! आमची ही सकाळपासून मला फोन करत होती. मी उचलत नव्हतो, म्हणून मधूनमधून ती सरांच्या टेबलावरच्या फोनवर फोन करायची. सर बिचारे निरोप द्यायला यायचे आणि मी त्यांना हाकलायचो. शेवटी साडेबाराला सरांनी तिला सांगितलं, “वहिनी, ते गळतीत अडकलेत. फार वाढलीय. सगळे अंधारात बसलेत. मलाही बूट काढायला लावले.”

आता हे ऐकून कुणीही शहाणी बाई काय समजेल? खोलीत पाणी शिरलंय, दिवे गेलेत आणि माणसं अनवाणी फिरताहेत!

तिनं शेजारून प्लंबरकाकांचा नंबर मिळवला. काका दोनला घरी पोचले, तर ती म्हणाली, “काका, हा नळ राहू द्या, नुसता ठिबकतोय. तुम्ही आधी ह्यांच्या ऑफिसात जा. तिथे परिस्थिती वाईट आहे!” आणि काका हत्यारांची पिशवी घेऊन निघाले.

इकडे दोन वाजून वीस मिनिटांनी नववी उसळी झाली. मी मोजत होतो. नऊ! ताई हिशेबाच्या पक्क्या, त्यांनी अंधारातसुद्धा प्रत्येक उसळीची वेळ वहीत टिपली होती. मला मात्र आता टिपण्यासारखं काही उरलं नव्हतं. अकरा वर्षं गेली, काम गेलं, मी गेलो. घरी जाऊन काय सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवत होतो आणि एकही धड जुळत नव्हतं.

पावणेतीनला एक नवीनच गोष्ट झाली. रेघ उडाली नाही. ती चढायला लागली. हळूहळू, न थांबता.

“ताई! तापमान!”

“वाढतंय!” ताईंनी थंड पाण्याच्या नळीला हात लावला. “दादा, पाणी थांबलंय!”

सेन्सर तापला की त्याची गळती वाढते, हा त्याचा स्वभावच आहे. म्हणून तर सहा तास थंड पाणी खेळवत ठेवायचं. आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत तेच बंद! मी दाराकडे धावलो, माझ्याच कोटात पाय अडकून आपटलो आणि उठतोय तोवर दार धाडकन उघडून टॉर्चचा झगझगीत झोत माझ्या तोंडावर पडला.

“उजेड!” मी किंचाळलो.

“घाबरू नका साहेब, आलोय मी!” प्लंबरकाका म्हणाले. “आधी बाहेरचा मेन कॉक बंद केला. आता गळती कुठे ते दाखवा!”

“कॉक तुम्ही बंद केला?”

“मग! गळती म्हटल्यावर पहिलं काम तेच!”

“काका, ही गळती पाण्याची नाही!”

“मग कशाची?”

“करंटची!”

काकांनी एक पाऊल मागे घेतलं. त्यांची नजर खाली फरशीवर गेली. “पाण्यात करंट उतरलाय?” असं म्हणून ते जे सुटले ते थेट भिंतीवरच्या मुख्य स्विचकडे! तो स्विच पडला असता तर सहा तासांची चाचणी तिथेच संपली असती. पण ताईंनी काकांचा दंड असा काही पकडला की काका अर्धे वळूनच थांबले.

“काका, हात लावायचा नाही! तुम्ही फक्त बाहेरचा कॉक उघडा. आत्ताच्या आत्ता!”

काकांनी कॉक उघडला. पाणी खळखळलं. रेघ चढायची थांबली, जरा घुटमळली आणि हळूहळू खाली उतरू लागली. मी फरशीवरच बसलो होतो. तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. परीक्षक बाई! त्यांच्यामागे पायमोज्यांवर सर.

बाईंनी दिवा लावला. शाल, टेबलक्लॉथ आणि गादी पांघरलेली पेटी पाहिली. खाली बसलेला मी पाहिला. हातात पाना घेतलेले काका पाहिले.

“ही चाचणी चालू आहे?” त्यांनी विचारलं.

“अजून सात मिनिटं,” मी क्षीण आवाजात म्हणालो. आता लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून सगळं सांगून टाकलं. सरळ रेघ, नऊ उसळ्या, कारण सापडत नाही.

काका पुढे झाले.

“साहेब, सतत गळतंय का अधूनमधून?”

“अधूनमधून.”

“मग वस्तू खराब नाही. खराब वस्तू एकसारखी गळते. मधूनच गळून थांबतं ना, तेव्हा कुणीतरी कुठेतरी काहीतरी उघडतंय आणि बंद करतंय. आम्ही अशा वेळी टाइम लिहून ठेवतो आणि त्या टायमाला घरात कोण काय करत होतं ते विचारतो.”

परीक्षक बाईंनी काकांकडे वळून पाहिलं. “हे तुमच्या खात्यातले आहेत?”

“नाही, माझ्या घरच्या नळाचे आहेत,” मी म्हणालो.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. काकांच्या हातात कायम पाना, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर. आमच्या हिचा आवाज खोलीभर घुमला.

“काका, पोचलात का? ह्यांना काही लागलं नाही ना? अहो, ऐकताय का?”

लग्नाला बारा वर्षं झाली. ती मला ‘अहो’ फक्त दोनच प्रसंगी म्हणते, फार काळजीत असली तर किंवा फार रागात असली तर. त्या दिवशी दोन्ही एकत्र होतं.

“मी बरा आहे,” मी म्हणालो.

“बरे आहात? मग सकाळपासून नऊ वेळा फोन केला, तो उचलता येत नाही?”

“नऊ?” ताई एकदम ताठ झाल्या. त्यांनी वही उघडली. “वहिनी, कधी कधी केलात ते सांगता?”

“सांगते की! पुरावाच आहे माझ्याकडे. पहिला नऊ चाळीस.”

ताईंचं बोट वहीतल्या पहिल्या ओळीवर गेलं. “पुढचा?”

“दहा दहा. मग दहा पन्नास. अकरा वीस. बारा पाच.”

ताईंचं बोट एकेक ओळ खाली सरकत होतं आणि कुठेही अडत नव्हतं. परीक्षक बाई वहीत डोकावल्या. सर चवड्यांवर उभे राहून डोकावले. नववा, दोन वीसचा, जुळला तेव्हा काकांनी पाना कपाळाला लावला.

मला मात्र अजूनही कळलं नव्हतं! उलट माझा चेहरा उजळला. “सापडलं!” मी ओरडलो. “मोबाइलच्या लहरी! घरून येणाऱ्या लहरी केबलमध्ये शिरताहेत!” आणि मी चक्क खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: ‘चूक: बायको’.

“तुमचा मोबाइल कुठे आहे?” परीक्षक बाईंनी शांतपणे विचारलं.

“बाहेरच्या खणात! आमच्याकडे नियम आहे. खोलीत मोबाइल आणायचा नाही, हा नियम मी स्वतः...”

वाक्य तिथेच राहिलं. टॉर्चचे संपलेले सेल आठवले. सुई आठवली. उजेड बंद केल्यावर दोन्ही हातांनी झाकण उचलता यावं म्हणून हातातली वस्तू सेन्सरमागच्या फळीवर ठेवली होती, तेही आठवलं.

“वहिनी,” परीक्षक बाई फोनकडे वाकून म्हणाल्या, “तुम्ही ह्यांना पुन्हा एकदा फोन लावाल?”

“कितीही वेळा लावीन!”

आम्ही सगळे पडद्याकडे बघत राहिलो. एक सेकंद. दोन. तीन. हिरवी रेघ उडाली आणि लाल रेषेच्या वर जाऊन उभी राहिली. तिकडून हिचा आवाज आला. तिनं शेजारणीच्या फोनवरून मला लावला होता आणि स्वतःच्या फोनवरून बोलत होती.

“वाजतोय! नुसता वाजतोय! बघा, उचलतात का!”

रेघ अर्धा मिनिट वर राहिली आणि खाली आली. खोलीत कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

तीनच्या ठोक्याला व्होल्टेज उतरवलं. गादी काढली, टेबलक्लॉथ काढला, शाल काढली, पट्टी सोलली, झाकण उचललं. फळीवर माझा मोबाइल पडला होता, तोंड वर करून. मी फोन नेहमी पूर्ण मुका ठेवतो, थरथरूही देत नाही. कामात व्यत्यय नको म्हणून! त्यावर दहा चुकलेले कॉल दिसत होते आणि हिचा हसरा फोटो. त्या अस्सल अंधारात सकाळपासून दर थोड्या वेळानं तो फोटो उजळत होता आणि बिचारा सेन्सर इमानेइतबारे सांगत होता, ‘आल्या, आल्या!’

तेव्हाच मी खिशातला कागद काढून वाचला. सरांनी लिहिलं होतं, ‘घरी फोन करा. तुमचा फोन कुठे आहे?’

परीक्षक बाई पंधरा मिनिटं आलेख बघत होत्या. ती पंधरा मिनिटं मला आधीच्या सहा तासांहून मोठी वाटली. मग त्या म्हणाल्या, “उसळ्यांचं कारण दिसतंय. त्या सोडल्या तर गळती मर्यादेच्या खूप खाली आहे. पाणी थांबल्यावर वाढली, आल्यावर उतरली, म्हणजे जशी वागायला हवी तशीच वागली. सेन्सर उत्तम आहे. पास. तपासनिसासाठी या फॉर्मात रकाना नाही, हे तुमचं नशीब.”

वीसच्या वीस! काम आमच्याकडे राहिलं. मी राहिलो. खुर्चीचा आधार घेऊन मी उभा होतो आणि डोळ्यांत चक्क पाणी आलं होतं. हीसुद्धा गळतीच म्हणा. बाईंनी अहवालात ‘उसळीचं कारण’ या रकान्यात लिहिलं, ‘बाहेरचा उजेड, घरगुती’.

मी फळ्यापाशी गेलो. आधी ‘बायको’ पुसलं, मग सकाळचं ‘ताई’ पुसलं.

“ताई, चुकलं माझं,” मी म्हणालो. एवढंच म्हणायला अकरा वर्षं लागली, म्हणून असेल, आवाज फारसा निघाला नाही. “तुमची तार उत्तम होती. त्या स्विचपाशीही तुम्हीच वाचवलंत.”

“असू दे हो दादा,” असं म्हणून ताईंनी माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि फळ्यावर माझं नाव लिहिलं. पुढे नऊ आडव्या रेघा मारल्या. मग विचार करून दहावी मारली. तो खडू अजून त्यांच्याकडेच आहे.

आता माझ्या यादीत बेचाळिसावं कलम आलंय. परीक्षक बाईंनी स्वतः लिहून दिलं: ‘पेटी बंद केल्यावर पत्नीस फोन करावयास सांगणे आणि रेघ पाहणे.’ त्यामुळे रोज नऊला ही फोन करते. रेघ सरळ राहिली की मी बाहेरच्या खणाकडे पळत जाऊन फोन उचलतो. सरकारी काम असल्यासारखी ती विचारते, “गळती?” मी म्हणतो, “मर्यादेत.”

घरचा नळ? तो त्या गडबडीत राहिलाच! काका त्या दिवशी आमच्याकडून थेट दुसऱ्या कामावर गेले. हिनं नळाखाली बादली ठेवली आणि बादलीच्या आत नेलपॉलिशनं एक लाल रेषा ओढली. म्हणाली, “तुझीच पद्धत. रेषेच्या वर गेली की सांगते.”

परवा पाणी रेषेच्या वर गेलं. तेव्हापासून प्लंबरकाकांना मी नऊ वेळा फोन केलाय. नुसता वाजतोय, उचलत नाहीत. कुणाच्या पेटीत विसरून आलेत कोण जाणे!